एकादशीचं पाणी

जगातल्या सर्वांत वेगवान पुरुष जलतरणपटूला तलावात 50 मीटर पोहायला साधारण 21 सेकंद लागतात. दोन्ही पाय एकाच रुंद पात्यात अडकवून, म्हणजे मोनोफिन घालून, श्वास रोखून पाण्याखालून तेवढंच अंतर कापणारे अव्वल खेळाडू 14 सेकंदांच्या आत पलीकडच्या भिंतीला हात लावतात. हा वेग ताशी जवळपास 13 किलोमीटर होतो. जमिनीवरचे कितीतरी हौशी धावपटू याहून हळू धावतात. त्या खेळाडूकडे मोटर नसते, बॅटरी नसते. स्नायू माणसाचेच, फुप्फुसंही माणसाचीच. फरक फक्त पायाच्या टोकाला जोडलेल्या लवचीक पात्याचा.

या पात्याचा शोध लागायला मात्र आश्चर्य वाटावं इतका वेळ लागला. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बॉस्टनमध्ये बेंजामिन फ्रँकलिन नावाच्या पोरानं चित्रकाराच्या रंगपाटीसारख्या लाकडी फळ्या करून हातात धरल्या आणि तो पोहला. वेग वाढला, पण मनगटं भरून आली. मग त्यानं पायांनाही फळ्या बांधून पाहिल्या. त्या फळ्यांनी समाधान झालं नाही. कारणही त्यानंच पुढे एका पत्रात लिहून ठेवलंय: पोहताना जोर फक्त तळव्यातून येत नाही, पावलाच्या आतल्या बाजूनं आणि घोट्यानंही पाणी ढकललं जातं. निरीक्षण पक्कं होतं. कडक फळी घोट्याला त्याचं काम करू देत नाही. वाकणारं काहीतरी हवं होतं, आणि चांगलं रबर यायला अजून शंभरहून जास्त वर्षं होती.

फ्रेंच नौदलातले अधिकारी लुई द कोर्लियू यांनी 1933 मध्ये रबरी फिनचं पेटंट घेतलं. 1932 च्या ऑलिंपिकमध्ये शिडाच्या नौकांच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळवलेले अमेरिकेचे ओवेन चर्चिल यांनी ताहितीत पायाला डांबरानं कडक केलेली पामची पानं बांधून पोहणारी मुलं पाहिली आणि त्यांच्या डोक्यात हाच विचार घोळू लागला, असं सांगतात. कोर्लियूंचं पेटंट आधीपासून आहे हे कळल्यावर त्यांनी परवाना घेतला आणि 1940 मध्ये फिन बनवायला सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी आणि ब्रिटिश नौदलाच्या बुडी मारणाऱ्या जवानांनी त्या वापरल्या, आणि युद्ध संपल्यावर फिन समुद्रकिनाऱ्यावर आली ती कायमची.

फिन नेमकं काय करते, हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. कमरेइतकं नितळ पाणी आणि खाली बारीक वाळू असली की पुरे. सोबत्याला तळापासून हातभर वर राहून सावकाश फिन मारायला सांगा आणि मास्क लावून बाजूनं बघा. पाय खाली येतो तेव्हा पातं आधी मागे वाकतं. टोक उशिरा, पण वेगानं खाली येतं. त्या क्षणी तळावरची वाळू उचलली जाते आणि गोल गोल फिरत मागे सरकते. पाय वर जाताना दुसरा भोवरा सुटतो, पहिल्याच्या उलट फिरणारा. असे उलटसुलट भोवरे एकामागोमाग सुटत जातात आणि त्यांच्या मधून पाण्याचा झोत मागे जातो. पोहणारा पुढे सरकतो तो या झोताच्या बळावर. हवेत हे सगळं न दिसता घडलं असतं. इथे वाळू त्याचं चित्र काढून दाखवते.

आता पात्याच्या आकाराचं गणित. थोडं पाणी जोरात मागे फेकलं काय किंवा पुष्कळ पाणी सावकाश ढकललं काय, पुढे जाण्याचा जोर सारखा मिळू शकतो. पण थोड्या पाण्याला जोरात फेकताना बरीचशी ताकद त्या पाण्याला वेग देण्यातच वाया जाते. तळपाय लहान, म्हणून उघड्या पायांचा पोहणारा पाणी नुसतं घुसळत राहतो. मोठं पातं एका वेळी मोठा लोट पकडतं आणि हळू ढकलतं. दोन पायांतल्या साध्या फिन्सवर 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, त्याच वेगानं पाय मारत पोहायला लागणारी ऊर्जा फिनमुळे सुमारे 40 टक्क्यांनी घटलेली दिसली. साधारण साठ टक्के कष्टात तेवढंच अंतर!

मला याहूनही विलक्षण वाटते ती दुसरी गोष्ट. शेपटी (किंवा पंख) एका सेकंदात किती वेळा हलते याला ती किती रुंद हलते यानं गुणायचं आणि पुढे जाण्याच्या वेगानं भागायचं. 2003 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार मासे, डॉल्फिन, पक्षी, वटवाघळं, कीटक यांचं हे उत्तर बहुतेक वेळा 0.2 ते 0.4 च्या दरम्यान येतं. पाण्यात पोहणारं असो की हवेत उडणारं, भोवरे नीट सुटायला हाच टप्पा लागतो. मासे शेपटी आडवी, डावीउजवीकडे हलवतात. डॉल्फिन मात्र वरखाली, कारण त्याचे पूर्वज जमिनीवर चालणारे सस्तन प्राणी होते आणि धावणाऱ्या सस्तन प्राण्याचा कणा वरखाली वाकतो. आपला कणाही त्याच घराण्यातला. म्हणून मोनोफिनची लाट छातीपासून सुरू होते, कंबर आणि मांड्यांतून वाढत जाते आणि ओला पंचा झटकल्यावर त्याच्या टोकाला जसा सगळा जोर एकवटतो तशी पात्याच्या टोकाला पोहोचते. 1959 मध्ये स्थापन झालेल्या आणि समुद्रसंशोधक जॅक कूस्तो ज्याचे पहिले अध्यक्ष होते त्या पाण्याखालच्या खेळांच्या जागतिक महासंघाच्या आधिपत्याखाली फिन घालून पोहण्याच्या या खेळाची पहिली जागतिक स्पर्धा 1976 मध्ये जर्मनीत हॅनोव्हरला झाली. भारतातही आता फिनस्विमिंगच्या राष्ट्रीय स्पर्धा होतात. पण तलावाला भिंती असतात. हे पातं घालून समुद्रात उतरलं की प्रश्न बदलतो.

समुद्रात फिन माणसाची झेप वाढवते, आणि झेपेबरोबर तो किनाऱ्यापासून किती लांब सहज निघून जाईल हेही वाढवते. बरा हौशी पोहणारा सेकंदाला मीटरभरही जात नाही. फिन घालून तो मीटर-सव्वा मीटर टिकवू शकतो. खाडीच्या अरुंद मुखातून ओहोटीचं पाणी सेकंदाला मीटरभर वेगानं बाहेर पडणं यात नवल काहीच नाही. म्हणजे फिनमुळे हाती आलेला सगळा फायदा एक खाडी गिळू शकते. म्हणून चांगली जागा शोधताना नकाशाबरोबर घड्याळ आणि पंचांगही उघडावं लागतं. हे समजून घ्यायला मालवणइतकं चांगलं ठिकाण महाराष्ट्रात दुसरं नाही, असं माझं मत आहे.

मालवणचा किनारा एकसारखा नाही, हीच त्याची श्रीमंती. दक्षिणेला तारकर्लीची लांब पुळण, तिच्या टोकाला देवबाग आणि तिथे समुद्राला मिळणारी कर्ली नदी. उत्तरेला कोळंबची खाडी आणि तिच्या मुखाशी सर्जेकोट. मध्ये मालवण गाव, समोर कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग. 1664 मध्ये शिवाजी महाराजांनी या किल्ल्याची पायाभरणी केली तेव्हा भोवतालच्या पाण्यात दबा धरून बसलेले खडक हे या जागेचं मोठं बळ होतं, कारण शत्रूचं मोठं जहाज जवळ येऊ शकत नव्हतं. त्याच खडकांवर आज प्रवाळ आहेत, माशांचे थवे आहेत, आणि 1987 पासून हा परिसर सागरी अभयारण्य आहे. पाण्याखालचा खडक लाटेचा जोर मोडतो, गाळ धरून ठेवत नाही, आणि जीवांना घर देतो. फिन घालून पोहणाऱ्याला हवं असतं ते सगळं तिथे सापडतं.

गावाच्या उत्तर अंगाचा चिवला किनारा शिकण्यासाठी उत्तम. कोयत्यासारखा वळलेला, उतार सौम्य, टोकांना खडप. डिसेंबरमध्ये राज्यभरातले पोहणारे सागरी जलतरण स्पर्धेसाठी इथेच जमतात. तारकर्लीला पाणी सुंदर, वाळू बारीक. भोवऱ्यांचा खेळ बघायला हीच जागा. देवबागचा संगम बघायला जावं, पाण्यात उतरू नये: तिथे नदी, ओहोटी आणि लाटा एकमेकींवर आदळतात आणि वाळूचे दांडे जागा बदलत राहतात. किल्ला आणि धक्का यांच्या मधल्या पट्ट्यात पर्यटकांच्या होड्यांची सतत ये-जा असते, तीही पोहण्याची वाट नव्हे. किल्ल्याच्या परिसरातले खडक पाहायचे तर स्थानिक होडी, माहितगार माणूस आणि परवानगी असलेली जागा, या तिन्ही गोष्टी हव्यात.

आता काळ. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात उतरतात, पण पोहणाऱ्यानं घाई करू नये. पावसाळ्याच्या शेवटी खोल समुद्रातलं थंड, पोषक द्रव्यांनी भरलेलं पाणी किनाऱ्याजवळ वर येतं. त्यावर सूक्ष्म वनस्पती माजतात आणि पाणी हिरवट, दाट होतं. त्यात नद्यांचा गाळ. मासळीला हे दिवस सुगीचे, डोळ्यांना अंधुक. दिवाळी उलटली की पाणी निवळू लागतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. मार्चपासून दुपारचा वायव्येकडचा वारा जोर धरतो आणि जूनमध्ये किनारा मिटतो.

हंगामातला कुठला दिवस आणि दिवसातला कुठला तास? इथे कोकणातलं एक जुनं गणित हाताशी येतं. तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा: सकाळी सहाच्या सुमाराला भरती पूर्ण, संध्याकाळी पुन्हा साधारण तशीच. चतुर्थीला तीन. पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा. आता यामागची रचना पाहा. पंधरा तिथींमध्ये भरतीची वेळ बारा तास पुढे सरकते, म्हणजे एका तिथीला 48 मिनिटं. पाऊण तास म्हणजे 45. तीन मिनिटांच्या फरकानं चंद्र, पृथ्वी आणि समुद्र यांचं नातं एका अपूर्णांकात बसवलंय. हे गणित अर्थात ढोबळ आहे, किनाऱ्याप्रमाणे वेळ थोडी पुढेमागे होते, आणि भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टकं पाहिल्याशिवाय पाण्यात उतरू नये. पण आठवड्याची आखणी करायला हे गणित पुरेसं आहे.

त्यातली सर्वांत सुंदर गोष्ट अजून पुढेच आहे. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एकाच रेषेत ओढतात, म्हणून उधाण. अष्टमीला ते काटकोनात, म्हणून भांग: भरती कमी चढते, ओहोटी कमी उतरते, प्रवाह मवाळ. भांगाचा खरा तळ अष्टमीनंतर एखाद-दोन दिवसांनी येतो, कारण समुद्राला प्रतिसाद द्यायला वेळ लागतो. आता दशमी, एकादशी, द्वादशी घ्या. पाऊणपट केली की साडेसात, सव्वाआठ, नऊ. म्हणजे आपल्या किनाऱ्यावर महिन्यात दोनदा असे दोन-तीन दिवस येतात की प्रवाह मवाळ असतो आणि भरती पूर्ण होते ती नेमकी सकाळी, कोवळ्या उन्हात, वारा उठायच्या आत. कुणी ठरवून केल्यासारखं वाटतं. पण हे फक्त या किनाऱ्यावर भरतीची लाट चंद्रामागे किती तासांनी पोहोचते त्यावर ठरलंय. दुसऱ्या एखाद्या किनाऱ्यावर भांगाची भरती दुपारी येते आणि तिथल्या पोहणाऱ्याला हे सुख नाही.

भरती पूर्ण होण्याच्या आगेमागे पाणी जवळजवळ थांबतं. नावाड्यांचा बारा भागांचा ठोकताळा सांगतो की सहा तासांच्या भरतीत पहिल्या तासाला पाणी एक भाग चढतं, दुसऱ्याला दोन, तिसऱ्या आणि चौथ्याला तीन-तीन, पाचव्याला दोन, सहाव्याला एक. म्हणजे शेवटचा तास आणि त्यापुढच्या ओहोटीचा पहिला तास मिळून दोन तासांचं शांत पाणी हाती येतं. त्या वेळी समुद्राकडून आलेलं स्वच्छ पाणी किनाऱ्यापर्यंत पोहोचलेलं असतं आणि खडपही बुडालेलं. सव्वाआठची भरती असेल तर सव्वासातला उतरायचं आणि सव्वानऊला बाहेर.

वाऱ्याचं मात्र जपून. पहाटेचा मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, किनाऱ्याजवळचं पाणी आरशासारखं सपाट करतो, आणि हळूच बाहेर ढकलतो. पोहणाऱ्याला वाटतं आज आपण फार छान चाललोय. म्हणून सकाळी निघताना किनाऱ्याला समांतर पोहावं, आत घुसू नये. आणि पोटरीत गोळा येण्याआधी परतावं. वारा नसतानाही लांब, संथ लाटा येत असतील तर त्या बहुधा दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांत, हजारो किलोमीटरवर, काही दिवसांपूर्वी जन्मलेल्या असतात. अशा लाटांचे इशारे हैदराबादची इन्कॉइस ही संस्था देते. ते सकाळी पाहून घेणं दोन मिनिटांचं काम आहे.

आणि एक प्रश्न किनाऱ्यावरच्या माणसाला विचारावाच: आज रापण कुठे टाकलीय? पहाटे रापणीचं लांब जाळं अर्धवर्तुळात पाण्यात असतं आणि दोन्ही टोकांनी ओढलं जातं. शिवाय नायलॉनची बारीक जाळी पाण्यात जवळपास दिसत नाहीत आणि फिनचं पातं त्यात हमखास अडकतं. बोया दिसली की लांबून वळावं. ते पाणी आधी मच्छीमारांच्या पोटापाण्याचं आहे.

पाणी कसं निवडायचं ते कळलं की फिन निवडणं सोपं होतं. दुकानात गेलं की नजर सर्वांत लांब पात्यावर जाते. खोल बुडी मारणाऱ्यांची ती लांब फायबरग्लास किंवा कार्बनची पाती दिसायला राजेशाही, पण पहिली फिन तशी मुळीच घेऊ नये. ती खोल जाण्यासाठी आहेत. पृष्ठभागावर त्यांचं टोक हवेत निघून फटके मारतं, आणि उथळ खडपात मोडतं. मालवणसारख्या पाण्याला मध्यम लांबीचं, मऊ ते मध्यम कडक पातं पुरतं. पातं टोकाशी धरून वाकवा: टोकाकडे सहज आणि पायाकडे कमी वाकलं पाहिजे. सगळीकडे सारखंच कडक असेल तर तुमची पोटरी दहा मिनिटांत निषेध नोंदवेल.

पायाचा कप्पा ही फिनमधली सर्वांत महत्त्वाची जागा आणि विकत घेताना सर्वांत दुर्लक्षित. फिन घालून बसा, गुडघा सरळ करा, पाय जोरात झटका. टाच निसटली तर मोठी. बोटं आखडली तर लहान. टाचेखाली पोकळी राहिली तर प्रत्येक फटक्याला तिथे पाणी शिरेल आणि कातडी सोलेल. वाळूवरून उतरणार असाल तर बंद टाचेची फिन हलकी आणि चांगली. खडपावरून उतरायचं असेल तर कालवांच्या धारदार कडा तळवे चिरतात. तिथे जाड तळव्याचे निओप्रीनचे बूट आणि त्यांवर पट्ट्याची, उघड्या टाचेची फिन. दोन्ही प्रकारांत फिन घालायची ती कमरेइतक्या पाण्यात. घालून वाळूत चालायचं झालं तर पाठमोरं.

स्नॉर्कलच्या लांबीत एक छान शरीरशास्त्र दडलंय. स्पर्धेच्या नियमांत नळी 43 ते 48 सेंटिमीटर आणि आतला व्यास 15 ते 23 मिलिमीटर असावा लागतो. 45 सेंटिमीटर लांब, 2 सेंटिमीटर रुंद नळीत सुमारे 140 मिलिलिटर हवा मावते. आपण शांतपणे घेतो तो श्वास साधारण 500 मिलिलिटरचा. म्हणजे प्रत्येक श्वासात चौथ्या हिश्शाहून जास्त हवा ही नुकतीच सोडलेली शिळी हवा असते. नळी लांब केली की हा वाटा वाढतो. आणि मीटरभर खाली गेलं की छातीवरचा पाण्याचा दाब इतका होतो की वरची हवा ओढणं फार काळ जमत नाही. म्हणूनच बोरूची नळी तोंडात धरून नदीच्या तळाशी लपणारा गोष्टीतला वीर गोष्टीतच राहतो. फिनस्विमिंगची नळी कानाजवळून नव्हे, कपाळाच्या मधोमध वर जाते. डोकं स्थिर राहतं आणि नळी पाणी सरळ चिरत जाते.

मास्क लावला की पुन्हा पाऊणपटच भेटते. पाण्यातून काचेमागच्या हवेत येताना प्रकाश वळतो, आणि प्रत्येक वस्तू खऱ्या अंतराच्या तीन चतुर्थांशावर, एक तृतीयांशानं मोठी दिसते. म्हणून मास्कमधून दिसलेला मासा वर आल्यावर जेवढा सांगितला जातो तेवढा नसतो, आणि हातभर वाटणारा खडक हाताला लागत नाही.

कमरेला दोरीनं बांधलेला भडक केशरी फ्लोट मात्र कुठल्याही महागड्या पात्याआधी घ्या. पोहणाऱ्याचं डोकं होडीवरून दिसतच नाही, फ्लोट दिसतो. दमल्यावर धरायला तोच, शिट्टी अडकवायला तोच. सोबतीला दुसरा पोहणारा हवा आणि किनाऱ्यावर वेळ ठाऊक असलेला तिसरा. पोहून झालं की फिन गोड्या पाण्यानं धुवायची, सावलीत वाळवायची आणि आडवी ठेवायची. टोकावर उभी टेकवून ठेवलेली फिन काही महिन्यांत त्याच बाकात कायमची वळते.

अभयारण्याच्या पाण्यात एक गोष्ट पात्याच्या भौतिकशास्त्रातूनच निघते. वाळूवर जो भोवरा पाहून आपण हरखलो, तोच प्रवाळावर गाळ उडवतो. प्रवाळ म्हणजे हजारो सूक्ष्म जीवांची वसाहत. त्यांच्या आत राहणाऱ्या शैवालांना ऊन लागतं आणि वर बसलेला गाळ ते ऊन अडवतो. गाळ झटकायला त्या जीवांना चिकट द्रव स्रवावा लागतो, त्यात त्यांची ऊर्जा खर्च होते. खडकाच्या वर दीड-दोन मीटर पाणी राहील अशी पातळी धरायची, फटका अरुंद ठेवायचा, आणि दम लागला तर खडकावर उभं न राहता फ्लोटवर आडवं व्हायचं. भरतीची वेळ इथेही कामाला येते: एकादशीच्या सकाळी सव्वाआठला खडकावर पाणी सर्वांत जास्त असतं, पात्याच्या टोकापासून तळ लांब राहतो, आणि खालचे मासे आपापल्या बिळांतून बाहेर पडून चरत असतात.